विश्लेषण : सुट्टी वाढली, कामाचे तासही वाढले! पाच दिवसांच्या आठवड्याचे गणित काय?

महाराष्ट्रातील सरकारी कार्यालये आता दर शनिवारी बंद असतात. त्यामुळे कर्मचाऱ्यांचे काम कमी झाले, असा सर्वसाधारण समज आहे. आकडे मात्र वेगळेच सांगतात. जगभर 'चार दिवसांच्या आठवड्या'ची चर्चा होत असताना दिवस कमी होणे आणि तास कमी होणे यातला फरक समजून घ्यायला हवा.

राज्याचा निर्णय काय होता?

तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या मंत्रिमंडळाने १२ फेब्रुवारी २०२० रोजी पाच दिवसांच्या आठवड्याला मंजुरी दिली. २९ फेब्रुवारीपासून तो लागू झाला. त्याआधी फक्त दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असे. केंद्र सरकारी कार्यालयांत पाच दिवसांचा आठवडा १९८५ पासूनच आहे. पोलीस, अग्निशमन, शाळा-महाविद्यालये, सफाई कामगार आदींना या निर्णयातून वगळण्यात आले.

मग तास वाढले कसे?

शनिवारच्या बदल्यात रोजची वेळ वाढवून ती सकाळी पावणेदहा ते सायंकाळी सव्वासहा अशी करण्यात आली. जेवणाची अर्धा तास सुट्टी वगळता काम ८ तासांचे झाले. पूर्वी ते सव्वासात तास होते. सरकारी हिशेबानुसार आधी वर्षाला सरासरी २८८ दिवस, म्हणजे २०८८ तास काम होई. आता दिवस २६४ झाले, पण तास २११२. म्हणजे वर्षाला २४ तास जास्तच! थोडक्यात, काम कमी झाले नाही, त्याची फक्त फेरवाटणी झाली. कर्मचाऱ्याचा महिन्यातील दोन शनिवारचा प्रवास वाचला, पण घरी पोहोचायला रोज उशीर होऊ लागला.

चार दिवसांचे प्रयोग कसे आहेत?

यात दोन प्रकार आहेत. बेल्जियमने २०२२ मध्ये कर्मचाऱ्यांना आठवड्याचे काम चार दिवसांत पूर्ण करण्याची मुभा दिली. एकूण तास मात्र तेवढेच ठेवले. आइसलँडने खरोखरच तास घटवले. २०१५ ते २०१९ दरम्यान तेथे सुमारे अडीच हजार कर्मचाऱ्यांचा आठवडा ४० तासांवरून ३५-३६ तासांवर आणला गेला. पगार कापला नाही. बैठका कमी केल्या, कामाच्या पाळ्या बदलल्या. बहुतेक ठिकाणी सेवेचा दर्जा टिकला किंवा सुधारला. ब्रिटनमध्ये २०२२ साली ६१ कंपन्यांनी सहा महिने असा प्रयोग केला. त्यातील ५६ कंपन्यांनी तो पुढे सुरू ठेवला.

हे सर्वत्र जमेल का?

फायली, ईमेल आणि बैठकांच्या कामात वाया जाणारा वेळ वाचवता येतो. रुग्णालय, बस किंवा खिडकीवरच्या सेवेत तसे होत नाही. तेथे कुणाचे तास कमी केले तर त्या जागी दुसरा माणूस लागतो. आइसलँडलाही आरोग्यसेवेत जादा कर्मचारी घ्यावे लागले. आपल्याकडे रिक्त पदे न भरता तास घटवले, तर रांगेतल्या नागरिकाला त्याची झळ बसेल. खासगी नोकरी करणाऱ्याला सरकारी कामासाठी आजही रजा टाकावी लागते.

भारतात दिशा कोणती?

रविवारच्या सुट्टीसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईतील गिरणी कामगारांना संघटित केले आणि १८९० मध्ये ती मिळवली. त्यानंतर आठवड्याला ४८ तासांची मर्यादा कायद्यात आली. ती आजही कायम आहे. या मर्यादेत चार दिवसांचा आठवडा करायचा, तर रोज १२ तास काम करावे लागेल. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने २० किंवा अधिक कामगार असलेल्या दुकाने व आस्थापनांत दिवसाची मर्यादा ९ वरून १० तास करण्यास मंजुरी दिली. बँकांतील पाच दिवसांच्या आठवड्यावर बँक व्यवस्थापन आणि संघटना यांच्यात मार्च २०२४ मध्ये सहमती झाली, तीही रोजचे काम वाढवण्याच्या अटीवरच.

त्यामुळे 'आठवडा किती दिवसांचा' या घोषणेपेक्षा दोन प्रश्न महत्त्वाचे ठरतात. आठवड्याला एकूण तास किती आणि पगार तोच राहणार का? कपात खरी की कागदावरची, हे त्यांच्या उत्तरावरूनच कळेल.