ढोलीत कोण आहे?

चंडीगडला पक्षी बघायचे म्हटले की सगळे सुखना तलावाचे नाव घेतात. उन्हाळी सुट्टीत आई-बाबांकडे गेलो तेव्हा पहिल्याच रविवारी मी क्वार्टर्समधल्या दोन मित्रांना घेऊन तिथे गेलो. १९५८ साली बांध घालून तयार केलेला हा तलाव थंडीत उत्तरेकडून आलेल्या बदकांनी भरतो. पण मे महिन्यात ती बदके केव्हाच परत गेलेली असतात. आम्हाला दिसले ते बहुतेक सगळे सकाळी फिरायला आलेले काका आणि आजोबा.

वसंत संपताना पाहुणे पक्षी शोधायचे नसतात, घरचे पक्षी शोधायचे असतात. त्यांची घरटी याच दिवसांत असतात. हे मला मामांमुळे कळले. ते इंडस्ट्रियल एरियात नट-बोल्टच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. म्हणाले, "आमच्या आवारात ये. मोठ्या चोचीचा एक पक्षी रोज येतो." माझा विश्वास बसला नाही. पत्र्याच्या शेड, ट्रक आणि तेलाचा वास, तिथे कोण पक्षी येणार? पण या शहराची आखणी करताना झाडांचाही विचार झालेला आहे, आणि कारखान्यांच्या आवारांतही जुनी झाडे उभी आहेत. मामांच्या शेडमागे एक पिंपळ आणि एक अर्धवट वाळलेले शीशम आहे.

तिथे मे महिन्यात पावणेसहाला लख्ख उजाडलेले असते. आपल्या शाळेत तेव्हा पी.टी.चा फॉल-इन अंधुक उजेडात होतो. आम्ही साडेपाचला गेटवर असायचो. पहिली पाळी सुरू झाली की प्रेसच्या आवाजात काही ऐकू येत नाही आणि नऊनंतर ऊन सोसत नाही.

पहिल्या दिवशी किंचाळल्यासारखा आवाज आला आणि मी वहीत 'घार' लिहिले. ते चुकले होते. तो राखी धनेश होता, चंडीगडचा अधिकृत पक्षी. त्याची हाक घारीसारखी वाटते, पण उडणे वेगळे. थोडे पंख मारतो, मग तरंगतो, पुन्हा पंख मारतो. अंगाचा रंग राखाडी, शेपूट लांब, चोच वाकडी आणि तिच्यावर छोटेसे शिंग. गंमत म्हणजे त्याच पिंपळावर पिकलेली फळे खायला आपल्या महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियालही येत होता. हिरव्या पानांत हिरवे कबूतर शोधायला मला वीस मिनिटे लागली. शेवटी पिवळे पाय दिसले.

धनेश फळे घशात भरून शीशमच्या एकाच फांदीवर जात होता. झाडाखाली पाहिले तर विष्ठा आणि फळांच्या बिया पडलेल्या. त्यांच्या बरोबर वर, फांदीच्या ढोलीला बोटभर रुंदीची उभी फट होती. बाकी तोंड लिंपून टाकलेले.

आत मादी होती. अंडी घालायच्या वेळी ती ढोलीत शिरते आणि मुख्यतः आपल्याच विष्ठेने तोंड बंद करून घेते. साप किंवा घोरपड आत शिरू शकत नाही. आत असताना तिची उडण्याची पिसे गळतात आणि नवीन येतात, त्यामुळे कित्येक आठवडे ती उडूच शकत नाही. तिचे आणि पिल्लांचे पोट नर भरतो. तो मान झटकून घशातले एकेक फळ वर काढतो आणि फटीतून आतल्या चोचीत देतो. कधी पाल, कधी किडा. धनेशाला सुताराप्रमाणे स्वतः ढोली कोरता येत नाही, त्यामुळे जुनी, पोकळ झाडे नसली तर त्याचे घरटेच होत नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही मूर्खपणा केला. फोटोसाठी थेट झाडाखाली जाऊन उभे राहिलो. नर आला, पिंपळावर बसला आणि तिथेच राहिला. पन्नास मिनिटे. घसा फुगलेला, म्हणजे फळे भरलेली, पण फटीकडे येईना. आत कोणीतरी उपाशी बसले आहे आणि अडथळा आपण आहोत, हे आधी माझ्या मल्याळी मित्राच्या लक्षात आले. एन.सी.सी.त आपण 'चीजें क्यों दिखाई देती हैं' हा फील्डक्राफ्टचा धडा घोकतो: आकार, चमक, छाया, हालचाल. माझा शर्ट पांढरा होता आणि मोबाईल उन्हात चकाकत होता. उस्तादांनी पाहिले असते तर मैदानाला दोन चकरा नक्की. आम्ही तीस पावले मागे, पत्र्याच्या आडोशाला गेलो. चार मिनिटांत नर फटीपाशी आला. मी अकरा फळे मोजली.

त्यानंतर आम्ही खाकी टी-शर्ट घालून एकाच जागी बसायचो आणि फक्त वेळ लिहायचो. ५.५२, ६.२०, ६.४७. लिहिताना कंटाळा यायचा, हे खरे आहे.

जूनच्या सुरुवातीला कळले की पावसाआधी ती वाळकी फांदी छाटायची आहे, कारण ती शेडवर पडेल. मामा आम्हाला मॅनेजरसाहेबांकडे घेऊन गेले. साहेब बाहेर आले, वर पाहून म्हणाले, "यात पक्षी कुठे आहे?" खरोखरच काही दिसत नव्हते. मी वही पुढे केली. नऊ सकाळी, एकतीस फेऱ्या, प्रत्येकीची वेळ, बरोबर काय आणले ते. त्यांनी दोन पाने वाचली, घड्याळ पाहिले आणि आमच्याबरोबर पत्र्याच्या आडोशाला येऊन उभे राहिले. सतरा मिनिटे गेली. माझ्या पोटात गोळा आला होता. मग नर आला आणि फटीतून चोचीचे टोक बाहेर आले. साहेबांनी फांदीखाली दोरी बांधून रस्ता बंद करायला सांगितले आणि छाटणी जुलैवर टाकली.

मी जूनअखेर शाळेत परतलो तेव्हा फट तशीच होती. जुलैच्या दुसऱ्या रविवारी फोनवर मामा म्हणाले की ढोलीचे तोंड फुटले आहे आणि सकाळी पिंपळावर चार धनेश बसतात, त्यांतल्या दोघांच्या चोची लहान आहेत. फांदी अजून तशीच आहे. साहेबांना छाटणीची आठवण मामांनी मुद्दाम करून दिलेली नाही.