मान हलवली, म्हणजे पटले असे नव्हे

काही वर्षांपूर्वी एक वारली सून माझ्या दवाखान्यात आली. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या सासूची शुश्रूषा ती एकटीच करीत असे. ‘दर दोन तासांनी त्यांची कूस बदला,’ असे मी बजावले. तिने मान हलवली. महिन्याभरात वृद्धेच्या पाठीवर जखमा झाल्या आणि मी सुनेलाच बोल लावला. ती दिवसभर मजुरीला जाते, हे मी कधी विचारलेच नव्हते!

माझी चूक नेमकी कोणती, हे मला न्यूझीलंडमधील माओरी या मूलनिवासी समाजाच्या अनुभवातून उमगले. तेथील माओरी परिचारिका इरिहापेटी रॅम्सडेन यांनी ‘सांस्कृतिक सुरक्षितता’ ही संकल्पना मांडली. सेवा सुरक्षित होती की नाही, हे सेवा देणाऱ्याने नव्हे, तर घेणाऱ्याने ठरवायचे, हे तिचे सार. १९९२ साली तिचा तेथील परिचर्या शिक्षणात समावेश झाला. मनोविकारतज्ज्ञ मेसन ड्युरी यांनी आरोग्याला चार भिंतींच्या घराची उपमा दिली: शरीर, मन, आत्मिक बळ आणि कुटुंब. एक भिंत खचली की घर डळमळते.

धोरणांतही कुटुंबाला स्थान मिळाले. २०१० साली सुरू झालेल्या ‘फानाऊ ओरा’ उपक्रमात एकट्या रुग्णाऐवजी संपूर्ण कुटुंबाच्या गरजा पाहिल्या जातात. अपंगांची काळजी घेणाऱ्या आप्तांना मोबदला नाकारणारे शासकीय धोरण २०१२ साली तेथील अपील न्यायालयाने भेदभावकारक ठरवले. हा निर्णय केवळ माओरींपुरता नव्हता. परंतु घरातली शुश्रूषा हेही श्रम आहेत, हे त्यामुळे मान्य झाले.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ५ लाख आदिवासी आहेत. त्यांच्या घरांतही वृद्धांची सेवा प्रामुख्याने कुटुंबीयच करतात. आम्ही डॉक्टरांनी सल्ल्यापूर्वी त्यांना तीन प्रश्न विचारावेत: घरी दिवसा कोण असते? कोणत्या भाषेत सांगितलेले नीट समजते? तुमच्या रीतीत काय चालते, काय नाही?

वाचकहो, आपणही कोणाची शुश्रूषा करीत असाल, तर डॉक्टरांपुढे नुसती मान हलवू नका. ‘हे आमच्याकडून होणार नाही, दुसरा मार्ग सुचवा,’ असे निःसंकोच सांगा. त्या सुनेने तसे म्हणावे, एवढा विश्वास मी तिला दिला नव्हता. शेवटी शेजारच्या बाईने दुपारी येऊन कूस बदलण्याचे ठरले आणि नियमित मलमपट्टीने जखमा भरू लागल्या. तो उपाय सुनेनेच सुचवला होता. मी फक्त, उशिरा का होईना, तिला विचारले होते.