ओंडक्यावरचे भाऊबंद

सुरमई कापताना कोयता पहिल्यांदा डोक्यामागे बसतो, मग शेपटीच्या बुंध्याशी, आणि त्यानंतर मधल्या अंगाच्या तुकड्या एका लयीत पडत जातात. बांगड्याला एवढा मान नाही. त्याचं डोकं उडवायचं, पोटातली घाण बोटाने खरवडायची, दोन्ही अंगांना तिरक्या खाचा मारायच्या आणि पिशवीत टाकायचा. पिंपरीच्या मासळी बाजारात रविवारी सकाळी हे काम अखंड चालू असतं. चिंचेच्या ओंडक्यावर कोयत्याचे ठोके, मागे कुणी बर्फाची लादी फोडतंय, आणि समोरून "शेपटीकडची नको हां दादा" अशी ताकीद. मी तिथे मासे घ्यायला जातो तेवढाच मासे कापलेले बघायलाही जातो. गर्दी ओसरली की कापणारे बोलतातही. हात मात्र थांबत नाहीत.

समुद्र इथून दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर. मुंबईचा ससून डॉक, भाऊचा धक्का, रत्नागिरीचं मिरकरवाडा बंदर अशा ठिकाणांहून माल रात्रीत घाट चढतो. थर्माकोलच्या पेट्यांत बर्फाचा चुरा, त्यावर मासे, पुन्हा चुरा. काही माल पुण्याच्या गणेश पेठेतल्या घाऊक बाजारातून फिरून येतो. या भागाला ओल्या मासळीची चटक लावली ती कारखान्यांनी. पिंपरी-आकुर्डीत कंपन्या उभ्या राहिल्या तशी रत्नागिरी-सिंधुदुर्गातली माणसं इथे नोकरीला आली आणि त्यांच्यामागून बांगडा आला. पुढे केरळी, बंगाली, ओडिया कामगारांची त्यात भर पडली. बंगाल-ओडिशाकडचे लोक रोहू-कतल्याकडे वळतात, केरळचे मात्र बांगड्याच्या पाटीसमोर थांबतात. बुधवार, शुक्रवार, रविवार हे बाजाराचे वार. सोमवारी आणि गुरुवारी कोयत्याला आराम.

कापण्याआधी बांगडा नीट हातात घ्यावा. स्वस्त म्हणून त्याच्याकडे बघायची आपल्याला सवय नाही, पण वीतभर लांबीच्या या माशात एकही गोष्ट उगाच नाही. डोळ्यावर पुढून-मागून पारदर्शक चरबीची झापड असते. कल्ल्याचं झाकण उचललं की आत पिसासारखे लांब काटे दिसतात. बांगडा तोंड उघडं ठेवून पोहतो, पाणी कल्ल्यांतून निघून जातं आणि पाण्यातले बारीक जीव या पिसांत अडकतात. हेच त्याचं जेवण. पाठीवरचा पुढचा पर खाचेत मिटून बसतो, इतका की बोट फिरवलं तरी लागत नाही. मागच्या परानंतर शेपटीपर्यंत वर पाच आणि खाली पाच सुटे, चिमुकले पर असतात. शेपटीकडे जाणारं पाणी ते सरळ करतात, असा अभ्यासकांचा कयास आहे. शेपटीचा बुंधा करंगळीएवढा बारीक आणि पुढे चंद्रकोरीसारखी फाकलेली शेपटी. कापणारा तिला पकडूनच बांगडा ओंडक्यावर आपटतो. धरायला तिच्यासारखी सोयीची जागा नाही, असं त्याचं म्हणणं.

खाच मारली की कातडीखाली, अंगाच्या मधोमध, तांबूस-तपकिरी पट्टा दिसतो. कित्येक घरांत तो काळा भाग म्हणून काढून टाकतात. हे माशाचं रात्रंदिवस पोहण्याचं मांस. बाजूचं फिकट मांस झेप घ्यायला, पळ काढायला. खाडीत एका जागी बसून भक्ष्याची वाट पाहणाऱ्या माशात हा पट्टा नावालाच असतो, बांगड्यात तो डोळ्यांत भरतो. उघड्या समुद्रात टेकायला जागा नाही, लपायला आडोसा नाही. पोहत राहणं हाच तिथला संसार.

सुरमई त्याच कुळातली, पण वाण वेगळा. बांगडा पाणी गाळून जगतो. सुरमई बांगड्यासारख्या माशांवर जगते. तिच्या जबड्यातले चपटे, धारदार दात कापणाराही सांभाळून हाताळतो. मोठी सुरमई दोन मीटरच्या वर जाते, पण ओंडक्यावर येते ती बहुतेक दोन-चार किलोची. पोट उघडल्यावर मी एक गोष्ट मुद्दाम बघतो. हवेची ती पिशवी, कोळी जिला भोत म्हणतात, सुरमईत शोधूनही सापडत नाही. घोळीचं भोत सोन्याच्या मोलाने विकलं जातं. सुरमईला ते नाहीच. बांगड्याला आहे. भोत नसलं की मासा थांबताच खाली जाऊ लागतो, पण वर-खाली सूर मारताना फुगणाऱ्या पिशवीची अडचणही राहत नाही. कापणाऱ्याला हे विचारलं तर तो म्हणाला, "सुरमईच्या पोटात साफ करायला काही नसतंच." त्याच्या दृष्टीने विषय संपला.

कुपा, ज्याला कोकणात गेदरही म्हणतात, पिंपरीत कमी खपतो. मांस लालभडक, कापलं की ओंडका रक्ताने भरतो, आणि "मटणासारखं दिसतं" म्हणून गिऱ्हाईक पुढे सरकतं. माझ्या मते बाजारातला सगळ्यात नवलाचा मासा हाच. तो पोहायचा थांबला तर गुदमरतो, कारण कल्ल्यांवर पाणी ढकलायला त्याच्याकडे पोहण्यावाचून दुसरा उपाय नाही. शिवाय त्याच्या आतल्या स्नायूंचं तापमान भोवतालच्या पाण्यापेक्षा जास्त असतं. स्नायूंतून परतणारं गरम रक्त आणि कल्ल्यांकडून येणारं थंड रक्त बारीक नळ्यांच्या जुडग्यात एकमेकांशेजारून उलट दिशांनी वाहतं, आणि ऊब आतल्या आत राहते. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत हीट एक्स्चेंजर बसवणाऱ्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागणार नाही. सुरमई आणि बांगड्यात ही सोय नाही; ती कुप्याच्या शाखेची मिरास.

बांगडा, सुरमई, कुपा एका कुळातले हे नुसत्या डोळ्यांनाही पटतं. त्या कुळात जगभरात पन्नासेक जाती आहेत. खरी गंमत शेजारच्या पाटीत आहे. चपटं, गोलसर, चंदेरी पापलेट आणि पट्ट्यासारखा लांबलचक बळा, ज्याची सुकवलेली वाकटी पावसाळ्यात आपल्याला तारते, हे दोघे बांगड्याचे भाऊबंद आहेत म्हटलं तर कोण ऐकून घेईल? 2013 साली जपानमधल्या चिबा इथल्या संग्रहालयाचे मासाकी मिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशांच्या डीएनएवरून ही वंशावळ मांडली. दिसायला एकमेकांशी काहीही संबंध नसलेली 15 कुळं त्यांनी एका गोतात आणली आणि त्याला 'पेलाजिया' असं नाव दिलं. त्यात बांगड्याचं कुळ आहे, पापलेटाचं आहे, बळ्याचंही आहे. पापलेटाला 2023 साली महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून मान मिळाला. बांगड्याला कुणी विचारलं नाही, पण मान घराण्यातच राहिला.

आणि हलवा? गिऱ्हाईक त्याला काळं पापलेट म्हणून घेतं, विकणाऱ्या मावशीही पापलेटाच्या शेजारी मांडतात. पण तो या गोतातला नाही. डीएनएच्या हिशेबात तो चपट्या लेपीच्या जवळ जातो. तलवारीसारखी चोच असलेले समुद्रातले मोठे मासे पूर्वी बांगड्या-कुप्यांच्या पंगतीला बसवले जात. तेही आता तिथून उठून हलव्या-लेपीच्या घरी गेले आहेत. नुसत्या रूपावरून नातं ठरवलं की पंगत अशी चुकते.

मिया यांच्या मांडणीत या गोताचा मूळ पुरुष खोल पाण्यातला होता. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी मेक्सिकोजवळ प्रचंड उल्का आदळली. डायनोसॉर गेले हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण उघड्या समुद्रातले मोठे शिकारी मासेही तेव्हा संपले. पाच मीटर लांबीचा झायफॅक्टिनस त्यांतलाच. रिकाम्या झालेल्या जागेत खोल पाण्यातल्या या गोताची पोरं पसरली. कुणी लांब झालं, कुणी गोल, कुणी बाणासारखं निमुळतं. इटलीतल्या व्हेरोनाजवळच्या बोल्का इथे सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वीच्या चुनखडीत बांगड्याच्या कुळातले मासे दगडात उमटलेले सापडतात. टेम्सच्या मुखाजवळच्या शेपी बेटावरच्या चिकणमातीतही या कुळाच्या कवट्या मिळाल्या आहेत.

पिंपरीत असलं काही मिळणार नाही. बाजाराखाली जो काळा पाषाण आहे तो लाव्ह्याचा. त्यात समुद्रातला मासा कुठून येणार. पण हा लाव्हा वाहिला तो काळ साधारण तोच, 6.6 कोटी वर्षांच्या आसपासचा. त्या संहारात दख्खनच्या उद्रेकांचा वाटा किती आणि उल्केचा किती, यावर भूवैज्ञानिकांचा वाद अजून मिटलेला नाही. ज्या उलथापालथीत बांगड्याच्या पूर्वजांना समुद्र मोकळा झाला, तिचाच दगड फोडून आपण चाकणच्या कंपन्यांचे पाये खणले. हा योगायोग मला बाजारात उभं असताना हटकून आठवतो. कापणाऱ्याला अजून सांगितलेला नाही. तोवर माझ्या मागे चार गिऱ्हाइकं उभी असतात.

आता खाणाऱ्याच्या कामाची गोष्ट. झेप घेणाऱ्या, पळ काढणाऱ्या फिकट स्नायूत आम्ल साठतं. ते सौम्य करायला या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचा घटक भरपूर असतो. मासा जिवंत असेपर्यंत त्याचा फायदा माशाला. मेल्यावर मासा गरम राहिला की जिवाणू त्याच हिस्टिडीनपासून हिस्टामीन बनवतात. खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा तासाभरात चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, अंगावर पुरळ उठतं, कधी उलट्या-जुलाब. लोक म्हणतात, "बांगड्याची ॲलर्जी आहे." बऱ्याचदा ती ॲलर्जी नसते, बर्फ कमी पडलेला असतो. बांगड्याचं पोटही लवकर फुटतं, कारण त्यात गाळलेले जीव आणि ते पचवणारे रस ठासून भरलेले असतात. मेल्यावर ते रस पोटाची भिंतच पचवू लागतात. म्हणून पोट फुटलेला बांगडा विकणारी मावशी स्वतःच बाजूला टाकते.

सकाळी पिंपरीत याची फारशी काळजी नसते, पेट्यांत बर्फ असतो. अडचण संध्याकाळची. चाकणला शिफ्ट सुटते तेव्हा रस्त्याकडेला पाट्या मांडलेल्या असतात. सकाळचा माल दुपारचं ऊन खाऊन बसलेला, वर पाणी शिंपडून चकाकता ठेवलेला, आणि भावही उतरलेला. दिवसभर लाइनवर उभ्या राहिलेल्या पोराला तो परवडतो, म्हणून तो घेतो. त्याला दोष देऊन उपयोग नाही. पाटीत बर्फ टाकायला लावला पाहिजे. रस्त्याकडेच्या विक्रेत्यांना बर्फ स्वस्तात मिळेल असं केंद्र चाकणसारख्या ठिकाणी महापालिका-नगरपरिषदेने उभं केलं, तर ते कितीतरी पोटांच्या कामाला येईल.

तोवर आपण एवढं करावं. बांगडा घेताना कल्ले लाल आहेत का हे बघाच, पण त्याआधी त्याच्या पोटाला हात लावा. तो गार लागला पाहिजे, आणि शेपटीला धरून आडवा केला तर ताठ राहिला पाहिजे. घर लांब असेल तर पिशवीत बर्फाचा चुरा मागून घ्या. बहुतेक विक्रेते त्याचे पैसे घेत नाहीत. घरी आल्यावर साफ करायला वेळ नसेल तर आधी फ्रीजमध्ये टाका, मग चहा प्या. आणि पहिल्या घासाला जिभेवर तिखटाची नव्हे अशी झिणझिण जाणवली, तर पान बाजूला सारा. तिरफळ घातलं, आमसूल घातलं, कितीही वेळ उकळलं, तरी हिस्टामीन जात नाही.