वक्फ, वास्तू आणि आरोग्य

गुलबर्ग्याचे सूफी संत ख्वाजा बंदेनवाज १४२२ साली निवर्तले. त्यांच्या दर्ग्याच्या परंपरेतून १९५८ साली शिक्षणसंस्था आणि पुढे २००० साली वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. धर्मस्थान आणि रुग्णसेवा यांचे हे नाते जुने आहे. कैरो येथे सुलतान कलावून याने १२८४-८५ मध्ये उभारलेले रुग्णालय वक्फाच्या उत्पन्नावर चालत असे.

वक्फ म्हणजे धर्मकार्यासाठी कायमची बांधून ठेवलेली मिळकत. ती विकावयाची नाही. खर्चावयाचे ते केवळ तिचे उत्पन्न. समजा, एखाद्याने गरिबांच्या औषधपाण्यासाठी दोन दुकाने वक्फ केली. सारे भाडे औषधांवरच खर्ची पडले, तर छप्पर गळू लागते, भाडेकरू निघून जातो आणि अखेर औषधही बंद पडते. म्हणूनच हनफी शास्त्रकारांनी दंडक घातला: दात्याने सांगितलेले नसले तरी उत्पन्नातून प्रथम दुरुस्ती करावी, मग दान.

तेव्हा वक्फाच्या रुग्णसेवेचा अभ्यास करणाऱ्याने रुग्णांची नोंदवही पाहावी, तशीच भाड्याची आणि दुरुस्तीची वहीही उघडावी. मुतवल्लीने, म्हणजे व्यवस्थापकाने, आज वेळीच बदललेले कौल हेच उद्याच्या रुग्णाचे औषध होय.