दहावीनंतर ‘मेडिकल’ला जायचे आहे? पालकांनी आधी काय पाहावे

दहावीचा निकाल लागला की दवाखान्यात औषधाच्या चिठ्ठीबरोबर एक प्रश्न हमखास येतो : “डॉक्टर, मुलीला मेडिकलला घालायचे आहे, आतापासून काय करू?” याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. मेडिकल म्हणजे फक्त एमबीबीएस नव्हे आणि तयारी म्हणजे फक्त क्लास नव्हे.

अकरावीला कोणते विषय घ्यावेत?

एमबीबीएस, दंतवैद्यक, आयुर्वेद आणि होमिओपॅथी या पदव्यांसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय लागतात आणि नीट परीक्षा द्यावी लागते. म्हणून अकरावीतच जीवशास्त्र घ्यावे. नीटमध्ये १८० प्रश्न आणि ७२० गुण असतात. त्यातले निम्मे प्रश्न जीवशास्त्राचे असतात. बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात, चुकीच्या उत्तराचा १ गुण वजा होतो. प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. मात्र पुढची पुस्तके बहुतेक इंग्रजीत असतात, म्हणून मराठी माध्यमाच्या मुलांनी आठवीनववीपासून विज्ञानातले इंग्रजी शब्द समजून घ्यायला सुरुवात करावी.

वेळेचा हिशेबही आधी मांडा. एमबीबीएसला साडेचार वर्षे आणि एक वर्षाची इंटर्नशिप. त्यानंतर एमडी किंवा एमएस करायचे तर आणखी तीन वर्षे.

एमबीबीएस सोडून काय आहे?

तुम्ही कधी रुग्णालयात दाखल झाला असाल तर आठवून पाहा. डॉक्टर दिवसातून एकदोनदा येऊन गेले असतील. सलाईन, इंजेक्शन, रक्ततपासणी, एक्स-रे, व्यायाम ही सगळी कामे दुसऱ्या प्रशिक्षित माणसांनी केली. तीही चांगली, गरजेची करिअर आहेत.

• बी.एस्सी. नर्सिंग : ४ वर्षे. बारावी विज्ञान आणि राज्याची नर्सिंग सीईटी.
• जीएनएम ३ वर्षे, एएनएम २ वर्षे : बारावी कला किंवा वाणिज्य शाखेतून झालेल्यांनाही संधी असते.
• औषधनिर्माणशास्त्र : डी.फार्म. २ वर्षे, बी.फार्म. ४ वर्षे.
• फिजिओथेरपी : महाराष्ट्रात यासाठीही नीटचे गुण धरले जातात.
• तंत्रज्ञ : प्रयोगशाळा, एक्स-रे, डायलिसिस, ऑपरेशन थिएटर.

नीटमध्ये कमी गुण पडल्यावर नाइलाज म्हणून या यादीकडे पाहू नका. अकरावीतच मुलांशी यावर बोला.

मुलाचा कल कसा ओळखावा?

“रक्त पाहून त्याला चक्कर येते, मग डॉक्टर कसा होणार?” असे पालक विचारतात. ही चक्कर सामान्य आहे आणि बहुतेकांना हळूहळू सवय होते. तेवढ्यावरून निर्णय घेऊ नका. त्यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे तेच काम रोज न कंटाळता करता येते का, आजारी माणसाचे बोलणे शांतपणे ऐकता येते का, हे पाहा.

हे घरीच तपासता येते. आजीचे बीपी डिजिटल यंत्रावर मोजून महिनाभर वहीत लिहायला सांगा. आजोबांच्या गोळ्यांची नावे, वेळा आणि मुदत तपासायला द्या. जुलाब झाल्यावर ओआरएस कसे करायचे ते शिकवा. जवळ प्रशिक्षण असेल तर सीपीआर शिकू द्या : मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाची छाती साधारण ५ ते ६ सेंटिमीटर दाबायची. मात्र इंजेक्शन देणे किंवा औषध बदलणे असे प्रयोग करू देऊ नका.

तब्येतीची तयारी

लातूरला किंवा कोट्याला क्लाससाठी मूल ठेवताना फीची चौकशी सगळे करतात, झोपेची कोणी करत नाही. या वयात रात्री ८ ते १० तासांची झोप लागते. झोप मोडून केलेला अभ्यास लक्षात राहत नाही.

किती वेळा नीट द्यायची, हे पहिल्या परीक्षेआधीच घरात ठरवा आणि दुसरा मार्गही ठरवून ठेवा. एकच दार उघडे आहे असे वाटणाऱ्या मुलावर सर्वाधिक ताण येतो. मूल गप्प राहू लागले, जेवण कमी झाले, “माझा काही उपयोग नाही” असे बोलू लागले तर ते नाटक समजू नका. त्याच दिवशी त्याच्याशी बोला आणि डॉक्टरांना भेटा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर २४ तास मोफत आहे.

लसीकरणाचे कार्डही शोधून काढा. रुग्णालयात सुई टोचण्याचा धोका असतो, म्हणून हिपॅटायटिस बी लस झालेली हवी. झाली नसल्यास ०, १ आणि ६ महिन्यांनी अशी तीन डोसांत घेता येते.

पैसे भरण्याआधी

“परीक्षा नको, थेट प्रवेश, नोकरीची हमी” अशा जाहिरातींपासून सावध राहा. एमबीबीएससाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, नर्सिंगसाठी परिचर्या परिषद, फार्मसीसाठी फार्मसी कौन्सिल यांच्या यादीत कॉलेजचे नाव आहे का, ते स्वतः पाहा. तंत्रज्ञांच्या अभ्यासक्रमात पदवी कोणत्या विद्यापीठाची आणि प्रत्यक्ष काम कोणत्या रुग्णालयात शिकवणार, हे लेखी मागा. मान्यता नसलेल्या प्रमाणपत्रामुळे पैसा आणि मुलाची वर्षे दोन्ही जातात.

परदेशी एमबीबीएस करायचे असले तरी नीट पात्रता लागते. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजीतून असावा लागतो, आणि परतल्यावर भारतात परवाना परीक्षा द्यावी लागते. एजंटला पैसे देण्याआधी हे नियम मुलासोबत बसून वाचा. निर्णय कोणताही असो, तो घेताना मूल त्या खोलीत असले पाहिजे.