बाटलीतला फेस आणि साखरेचं माप

आंबून झालेली घरची बिअर चवीला तयार असते, पण निपचित. तिला फेस येतो तो बाटलीतल्या दुसऱ्या, छोट्या आंबण्यामुळे. बिअरमध्ये उरलेल्या यीस्टला थोडी साखर द्यायची आणि बूच घट्ट लावायचं. तयार होणारा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडू शकत नाही, बिअरमध्येच विरघळतो.

ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरी बिअर करायला परवाना लागत नाही, त्यामुळे इथे मी मनसोक्त प्रयोग करते. २० लिटर पेल एलला मी १२० ग्रॅम डेक्स्ट्रोज घालते. साधी साखर ११० ग्रॅम पुरते, चवीत फरक कळत नाही. गूळ टाळते, त्यातला ओलावा दर ढेपेला वेगळा, मग हिशेब चुकतो. साखर थोड्या पाण्यात उकळा, गार करा, सगळ्या बिअरमध्ये अलगद मिसळा. जोरात ढवळलं तर हवा शिरते आणि चव बिघडते.

आणि कृपा करून घाई नको! बिअरची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरचा आकडा सलग तीन दिवस तोच आल्याशिवाय बाटल्या भरूच नका. आंबणं अर्धवट असेल तर बाटली फुटते, काच डोळ्यांत जाऊ शकते. जाड काचेच्याच बाटल्या घ्या, वर दोन-तीन सेंटिमीटर जागा सोडा. मग २० अंशांच्या आसपास, अंधारात, दोन आठवडे.