टाकीतला शेजार

आठ महिने दहाचे दहा निऑन शाबूत होते. मग एका रविवारी मोजले तर नऊ भरले. एखादा झाडामागे असेल म्हणून सोडून दिलं. पुढच्या रविवारी सात, नंतर पाच. टाकीत मेलेला मासा एकही सापडेना, पाण्याला वास नाही, झाकण घट्ट. शेवटी एका पहाटे दिवा न लावता टाकीसमोर बसलो, तेव्हा उलगडा झाला. माझे दोन एंजल, ज्यांच्या संथ चालीचं मी येणाऱ्या-जाणाऱ्यापाशी कौतुक करायचो, ते अर्धवट झोपेतल्या निऑनांच्या मागे हळूहळू सरकत होते.

आणले तेव्हा हेच एंजल रुपयाच्या नाण्याएवढे होते. "साहेब, सगळे शांत मासे आहेत, बिनधास्त एकत्र ठेवा," असं दुकानदाराने सांगितलं होतं आणि त्या दिवशी ते खोटंही नव्हतं. पण दरम्यान एंजल तळहाताएवढे झाले आणि निऑन राहिले जेमतेम दीड इंचाचे. दोघेही अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातले, म्हणजे एकाच गावचे. जमेल, असा माझा हिशोब होता. गाव एकच असलं तरी तिथे एक खाणारा आणि दुसरा खाल्ला जाणारा, हे काही मी विचारलं नव्हतं. जो मासा तोंडात मावतो तो आज ना उद्या तोंडात जातो. यात दुष्टपणा काही नाही.

क्रॉफर्ड मार्केटमधल्या काचा पाहा किंवा कुर्ल्याच्या बाजारातल्या हवा भरून फुगवलेल्या पिशव्या, तिथले बहुतेक मासे पोरवयाचे असतात. दोन इंचांचा, अंगावर चंदेरी झाक असलेला आणि 'शार्क' नावाने विकला जाणारा तो गोंडस जीव शार्क नाहीच. तो पंगास. हॉटेलात बासा म्हणून जो मासा पानात पडतो, तो बऱ्याचदा हाच. नदीत तो मीटरभराच्याही पुढे वाढतो. ऑस्कर फूटभर होतो. काच साफ करायला म्हणून घेतलेला बोटाएवढा सकरही दीड फुटाच्या आसपास जाऊ शकतो, आणि मग कंटाळलेले मालक त्याला जवळच्या तळ्यात सोडून देतात. आपल्याकडच्या नद्या-तलावांत हा दक्षिण अमेरिकेतला पाहुणा कोळ्यांची जाळी फाडत फिरतो आहे, त्याची सुरुवात अशाच कुणाच्या तरी दिवाणखान्यात झालेली असते.

दुकानातली टाकी आणखी एका बाबतीत फसवते. तिथे एवढी दाटी असते की कुणालाच हद्द आखता येत नाही. खच्चून भरलेल्या लोकलमध्ये पाय टेकायची मारामार, तिथे 'ही माझी जागा' कोण म्हणणार? भांडणं सुरू होतात ती गाडी जरा रिकामी झाल्यावर. घरच्या ऐसपैस टाकीत आलेला रेड-टेल शार्क (हाही शार्क नव्हे) दोन दिवसांत एखादा दगड पटकावतो आणि तिकडे फिरकणाऱ्या प्रत्येकाला पिटाळून लावतो. म्हणून जाणकार मंडळी भित्रे मासे आधी सोडतात आणि हद्दवाले शेवटी. जुन्या टाकीत नवा मासा आणायचा असेल तर दगड-लाकडं हलवून मांडणीच बदलतात. सगळेच नव्याने राहायला आल्यासारखे होतात, जुन्या हक्कांची कागदपत्रं रद्द.

टायगर बार्बची बदनामी मात्र मला अर्धीच पटते. हा सुमात्राकडचा पट्टेरी मासा दुसऱ्यांचे पंख कुरतडतो, हे खरं. पण आपण तो आणतो किती? दोन, फार तर तीन. त्याची कुरघोडी, पाठलाग, मानपान हे सगळं आपसात चालायला हवं. त्यासाठी आठ-दहांचा थवा लागतो. थवा मिळाला की ते एकमेकांत गुंततात. दोनच असले तर सगळी ऊर्जा शेजाऱ्यावर निघते. आणि तो शेजारी एंजल किंवा गोरामीसारखा लांब झुलत्या पंखांचा संथ मासा असेल, तर आठवड्यात त्याच्या पंखांच्या झिरमिळ्या होतात. 'जोडी घ्या' हा आपला आग्रह माणसांच्या लग्नातून आलेला असावा. निऑन, कोरीडोरास, बार्ब यांना जोडी नको असते, घोळका हवा असतो.

घोळक्याचा आणखी एक उपयोग मला फार उशिरा कळला. काही सिक्लिड नव्या टाकीत दिवसभर दगडाआड दडून बसतात. अशा वेळी वरच्या थरात लहान, चपळ मासे सोडतात. ते निर्धास्त हिंडताना दिसले की खालच्याला उमगतं, वर बगळा-बिगळा काही नाही. मग तो बाहेर येतो. शेजारी निवडताना आपण भांडण टाळायचं बघतो. धीर देणारा शेजारीही असतो, हे लक्षात राहत नाही.

याउलट फायटरला शेजार नकोच. थायलंडने २०१९ मध्ये ज्याला राष्ट्रीय जलचर म्हणून मान दिला तो हा मासा. दोन नर एकत्र ठेवायचे नाहीत, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण रंगीत शेपटीचा गप्पीसुद्धा त्याला प्रतिस्पर्धी वाटू शकतो, याची कल्पना नसते. वास्तूसाठी घेतात त्या फ्लॉवरहॉर्नचंही तेच. माणसाने संकरातून घडवलेल्या या माशाच्या कपाळावर म्हणे भाग्य असतं. त्याच्या शेजाऱ्याच्या कपाळी ते क्वचितच येतं.

हे झालं स्वभावाचं. त्याआधीचा प्रश्न पाण्याचा, आणि तो सहसा कुणी विचारत नाही. गोल्डफिश हा कार्पच्या कुळातला, थंड पाण्यातला. १८ ते २२ अंशांत खूश. डिस्कसला २८ ते ३० अंश लागतात. या दोघांना एकत्र ठेवलं तर भांडण होणार नाही, पण एक जण कायम हाल काढत राहील. शिवाय गोल्डफिश खातो भरपूर आणि घाणही तेवढीच करतो. त्याच्यासोबत सकर ठेवायची आपल्याकडे रीतच पडली आहे. पोट भरलं नाही की तो सकर रात्री गोल्डफिशच्या रुंद अंगाला चिकटून वरचा बुळबुळीत थर खरवडतो. सकाळी अंगावर लाल चट्टे दिसतात आणि आपण औषध शोधत बसतो.

पाणी जड की मऊ, हे पाहायला महागडं उपकरण लागत नाही. पाण्याचा फिल्टर बसवणाऱ्याकडे टीडीएस मीटर असतो. त्यावर क्षारांचा अंदाज येतो, सुरुवातीला तेवढा पुरे. मुंबईला तलावांचं मऊ पाणी येतं. त्यात निऑन, टेट्रा सुखाने राहतात. बोअरवेलच्या पाण्याने बादलीवर पांढरे डाग पडत असतील, तर गप्पी, मोली, प्लॅटी आणा. मलेरिया-डेंग्यूसाठी आरोग्य खातं हौदात सोडतं तोच गप्पी. जड पाणी त्याला मानवतं. नळाचं पाणी बदलायला निघण्यापेक्षा पाण्याजोगा मासा निवडणं स्वस्त पडतं.

पाण्याचा वेगही पाहावा लागतो. 'मिस केरळा' हा लाल-काळ्या पट्ट्यांचा देखणा मासा पश्चिम घाटातल्या खळाळत्या ओढ्यांचा. २०१३ मध्ये त्याच्या प्रजातीला चक्क 'सह्याद्रिया' हे नाव मिळालं. निसर्गात तो धोक्यात आहे, त्यामुळे घ्यायचाच तर पैदास केलेलाच घ्यावा. स्वभावाने शांत, एंजलही बऱ्यापैकी शांत. पण एकाला धार हवी, दुसऱ्याला साचलेलं पाणी. याच घाटातला झेब्रा लोच आपल्या कृष्णा खोऱ्यातही सापडतो. तोही धोक्यात आहे. पाच-सहा जणांत रमतो, गोगलगायी फस्त करतो आणि पोट भरलं की एका अंगावर असा पडतो की नवखा माणूस घाबरून जाळी आणायला धावतो.

एवढं जमवूनही घाई नडते. नवी टाकी भरल्या दिवशी वीस मासे सोडू नयेत. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. तो पचवणारे जीवाणू फिल्टरमध्ये वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मरणाऱ्या माशांचा ठपका बिचाऱ्या शेजाऱ्यांवर येतो.

उरलेले पाच निऑन खालच्या मजल्यावरच्या मुलीला दिले. तिने स्वतःच आणखी पाच आणून दहा पूर्ण केले. एंजल आता त्यांच्या स्वतंत्र टाकीत आहेत. परवा त्यांनी फिल्टरच्या नळीवर अंडी घातली आणि दोन दिवस डोळ्यांत तेल घालून राखण केली. काचेजवळ माझं बोट गेलं तरी अंगावर धावून येत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर नळी स्वच्छ होती. टाकीत त्या दोघांशिवाय कुणीच नव्हतं.